बंदुकीचा परवाना आणि शेताचा बांध

ज्याच्या हातीं बंदूक आहे त्याचा हक्क मोठा, कीं ज्याच्या नांवावर सातबारा आहे त्याचा, हा प्रश्न वरवर पाहणारास क्षुल्लक वाटेल. शिकार हा चार हौशी लोकांचा खेळ; त्यापायीं दोन शेतें तुडविलीं गेलीं तर त्याचा एवढा ऊहापोह कशाला, असें म्हणणारे गृहस्थ आम्हांस ठाऊक आहेत. परंतु कायद्याच्या इतिहासाचीं पानें चाळणारास असें दिसून येईल कीं, एखाद्या देशांत लहान शेतकऱ्याची खरी पत काय होती हें तेथील शिकारीच्या कायद्यावरून जितकें स्पष्ट कळतें, तितकें दुसऱ्या क्वचितच एखाद्या कायद्यावरून कळत असेल. जो मनुष्य आपल्या बांधावर उभा राहून बंदूकवाल्यास "येथून पुढें पाऊल टाकूं नका" असें सांगूं शकतो, आणि ज्याचें तें सांगणें सरकारदरबारीं ऐकिलें जातें, तो खरा जमिनीचा धनी. ज्यास तसें सांगतां येत नाहीं तो केवळ साऱ्याचा धनी! म्हणून या विषयाचा आज थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम मूळ तत्त्व काय तें पाहूं. रानांतील मोकळें जनावर कोणाच्याहि मालकीचें नाहीं, जो तें धरील त्याचें तें होतें, असा रोमन धर्मशास्त्राचा सिद्धांत आहे. या सिद्धांताचा आधार घेऊन शिकारी लोक आजतागायत असें म्हणत आले आहेत कीं, जनावर जर कोणाचेंच नाहीं, तर त्याच्या मागें जावयास आम्हांस कोणाची परवानगी कशास पाहिजे? परंतु ज्या जस्टिनियन बादशहाच्या संहितेंत हा सिद्धांत सांगितला आहे, त्याच संहितेंत लगोलग असेंहि सांगितलें आहे कीं, शिकारीसाठीं परक्याच्या जमिनींत शिरणारास जमिनीचा मालक, त्याच्या तें दृष्टीस पडल्यास, आंत येण्यास मनाई करूं शकतो. म्हणजे सुमारें चौदाशें-पंधराशें वर्षांपूर्वींच या वादाचा निवाडा होऊन गेला आहे. जनावर कोणाचें हा एक प्रश्न, आणि जमीन कोणाची हा दुसरा. पहिल्याचें उत्तर "कोणाचेंच नाहीं" असें आलें म्हणून दुसऱ्याचेंहि उत्तर तेंच येतें, असें म्हणणें म्हणजे शेजाऱ्याच्या अंगणांत चिमणी उतरली म्हणून त्याच्या घराचें दार मोडण्याचा अधिकार सांगण्यासारखें आहे. पुढील शतकांतून जो अनर्थ झाला तो हे दोन प्रश्न बुद्धिपुरःसर एकांत एक कालविल्यामुळें झाला.

इंग्लंडचें उदाहरण घ्या. आमच्याकडील कायद्याचें बहुतेक शिक्षण त्या देशाच्या ग्रंथांतून झालेलें असल्यामुळें तेथील हकीकत आम्हांस विशेष बोधप्रद आहे. नॉर्मन राजांनीं मोठमोठे प्रदेश राजाच्या शिकारीचें रान म्हणून जाहीर केले. त्यांत गांवें होतीं, शेतें होतीं, आणि तेथील रहिवाशांस स्वतःच्या जमिनीवरहि राजाच्या हरणास हात लावण्याची बंदी होती. १२१७ च्या अरण्यसनदेनें या जुलमास कांहीं आळा घातला. परंतु राजाच्या हातून निसटलेला अधिकार रयतेच्या हातीं न येतां सरदार-जमीनदारांच्या हातीं गेला. १६७१ च्या कायद्यानें तर अशी मौज केली कीं, ज्याची स्वतःच्या मालकीची जमीन वर्षास निदान १०० पौंड उत्पन्नाची असेल अशासारख्या मोजक्या वर्गासच शिकार करण्याची मोकळीक ठेविली. लहान शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतांत स्वतःचेंच पीक खाणारा ससा त्यानें स्वतः मारला तर तो गुन्हेगार! १७२३ सालीं पार्लमेंटनें जो कायदा केला त्यांत तोंडास काळें फांसून हरणें चोरणें आणि तत्सम कित्येक कृत्यांस फांशीची शिक्षा सांगितली होती. हा कायदा शंभर वर्षें चालला. ज्या देशानें आम्हांस कायद्याच्या राज्याचे धडे दिले त्या देशांत एका हरणाची किंमत मनुष्याच्या मानेइतकी ठरविली गेली होती, हें आमच्या तरुण वकिलांनीं विसरूं नये.

या कोंडींतून इंग्लंड हळूहळू बाहेर पडलें. १८३१ च्या कायद्यानें उत्पन्नाची अट गेली. १८८० सालीं ग्लॅडस्टनसाहेबांच्या कारकीर्दींत जो कायदा झाला त्यानें जमीन कसणाऱ्या कुळास ससे मारून आपलें पीक राखण्याचा हक्क दिला, आणि जमीनदारानें करारांत कांहींहि लिहून घेतलें तरी हा हक्क कुळापासून काढून घेतां येणार नाहीं असें स्पष्ट ठरविलें. कायद्यानें दिलेला हक्क दुर्बळाकडून करारानें लिहून घेतां येतो ही जमीनदारी युक्ति ओळखून तिचें दार त्यानें आधींच बंद केलें, हें या कायद्याचें खरें मर्म आहे.

कोल्ह्याच्या शिकारीची कथा याहून मनोरंजक आहे. कोल्हा हें उपद्रवी जनावर, त्यास मारणें लोकहिताचें, सबब त्याच्या पाठीमागें कुत्रे घेऊन परक्याच्या शेतांतून गेल्यास अपराध होत नाहीं, असा निवाडा १७८६ सालीं तेथील न्यायालयानें दिला होता, आणि जवळजवळ शंभर वर्षें शिकारी मंडळी त्याच्या जोरावर घोडे दौडवीत राहिली. १८७८ सालीं एका खटल्यांत न्यायाधीशांनीं साधा प्रश्न केला: तुम्ही कोल्हा मारावयास निघालां होतां, कीं खेळावयास? खेळासाठीं निघालेल्या मनुष्यास उपद्रव निवारण्याची सबब सांगतां येणार नाहीं, आणि धन्याची मनाई असतां त्याच्या शेतांत घुसण्याचा हक्क त्यास मुळींच नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. पुढें १९८५ सालीं तर कुत्र्यांच्या टोळीचा नायक स्वतः आंत शिरला नाहीं तरी, त्यानें जाणूनबुजून वा निष्काळजीपणानें कुत्र्यांस परक्या जमिनींत जाऊं दिलें असल्यास तो जबाबदार आहे, इतक्या थराला हें तत्त्व जाऊन पोंचलें. लोकहिताची आवश्यकता आणि स्वतःची करमणूक यांतील हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. कारण आमच्या पुढील सर्व विवेचनाचा तो आधारस्तंभ आहे.

परंतु इंग्रजांनीं घरीं जें शिकून घेतलें तें परमुलुखांत पाळलें काय? या प्रश्नाचें उत्तर मिसर देशांतील देनशवाय या खेड्यानें दिलें आहे. १९०६ च्या जून महिन्यांत कांहीं इंग्रज लष्करी अंमलदार त्या गांवीं पारव्यांच्या शिकारीस गेले. हे पारवे रानटी नव्हते. गांवकऱ्यांनीं पाळलेले, त्यांच्या उपजीविकेचें साधन असलेले असे ते होते. गांवकऱ्यांनीं हरकत घेतली, झटापट झाली, बंदूक उडून गांवांतील एक स्त्री जखमी झाली, आणि लोक खवळले. पळून जाणाऱ्या अंमलदारांपैकीं एक उन्हाच्या तडाख्यानें मरण पावला. एवढ्यावरून खास न्यायासन बसविण्यांत आलें, आणि घटनेपासून अवघ्या पंधरा दिवसांत चार शेतकऱ्यांस त्यांच्याच गांवांत, त्यांच्याच आप्तस्वकीयांच्या डोळ्यांदेखत फांशी देण्यांत आलें. कित्येकांस फटके मारण्यांत आले, कित्येकांस दीर्घ मुदतीच्या शिक्षा झाल्या. बर्नार्ड शॉसारख्या लेखकानें आपल्याच देशबांधवांस त्याबद्दल कठोर शब्दांत जाब विचारला, आणि पुढच्याच वर्षीं मिसरचे सर्वाधिकारी लॉर्ड क्रोमर यांनीं आपलें पद सोडलें. परकी सत्ता म्हणजे काय याची व्याख्या करावयास आम्हांस कोणी सांगितलें, तर आम्ही एवढेंच म्हणूं कीं, ज्या राज्यांत माझ्या अंगणांतील पाखरूं मारणारा पाहुणा ठरतो आणि त्यास अडविणारा मी फांशीं जातों, तें परकें राज्य.

येथें आमच्या देशी संस्थानिकांसहि सोडतां येत नाहीं. सत्ता परक्याची असो वा स्वकीयाची, शिकारीच्या नादानें आंधळी झाली म्हणजे सारखीच वागते. अलवर संस्थानांत राजाच्या शिकारीसाठीं राखलेल्या रानांतून रानडुकरें बाहेर पडून उभीं पिकें फस्त करीत, आणि शेतकऱ्यास त्यांस मारण्याची बंदी असे. १९२१ च्या सुमारास तेथील शेतकऱ्यांनीं याविरुद्ध चळवळ केली ती कांहीं राज्य उलथून पाडण्यासाठीं नव्हती. पेरलेलें आपल्या घरीं यावें एवढेंच त्यांचें मागणें होतें.

आतां युरोपखंडाकडे वळूं. कारण या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार गेल्या तीस वर्षांत तेथें झाला आहे. फ्रान्सच्या राज्यक्रांतीनें १७८९ च्या ऑगस्टांत सरदारांचे जे विशेषाधिकार रद्द केले त्यांत शिकारीचा मक्ताहि होता. पुढें १८४४ च्या कायद्यानें मालकाच्या संमतीवांचून परक्याच्या जमिनीवर शिकार करतां येणार नाहीं असें ठरलें. असें असतां त्याच फ्रान्सनें १९६४ सालीं एक चमत्कारिक कायदा केला. गांवोगांवीं शिकारमंडळें स्थापावीं. ज्याची जमीन ठराविक मर्यादेहून, सर्वसाधारणपणें २० हेक्टरांहून, कमी असेल त्याची जमीन घरासभोंवतालची १५० मीटर जागा वगळून आपोआप त्या मंडळाच्या शिकारक्षेत्रांत जमा व्हावी. आणि तो मालक, त्याची इच्छा असो वा नसो, मंडळाचा सभासद समजला जावा! लहान लहान तुकड्यांमुळें शिकारीची नीट व्यवस्था लागत नाहीं, आणि सामान्य मनुष्यासहि शिकारीस जागा मिळाली पाहिजे, अशी याची कारणें सांगण्यांत आलीं. मोठा जमीनदार मात्र आपली जमीन बाहेर ठेवूं शकत होता. सरदारशाहीचें भूत गाडल्यावर तें समतेचा अंगरखा घालून पुन्हां कसें उठतें, याचा हा मासला होय.

ज्यांस प्राणिहत्येचाच तिटकारा होता अशा कांहीं लहान शेतकऱ्यांनीं या सक्तीविरुद्ध दाद मागितली. फ्रान्सच्या न्यायालयांनीं त्यांस वाटेस लाविलें. तेव्हां ते स्ट्रासबुर्ग येथील मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाकडे गेले, आणि २९ एप्रिल १९९९ रोजीं त्या न्यायालयाच्या मोठ्या पीठानें शासान्यू आणि इतर विरुद्ध फ्रान्स या खटल्यांत त्यांच्या बाजूनें निकाल दिला. जो मनुष्य शिकारीस पाप मानतो त्यास आपली जमीन शिकारीसाठीं देण्यास आणि शिकाऱ्यांच्या मंडळाचा सभासद होण्यास भाग पाडणें हा त्याच्या मालमत्तेच्या आणि संघस्वातंत्र्याच्या हक्कांवर अतिक्रम आहे, आणि मोठ्या मालकास सूट व लहानास सक्ती हा पक्षपात आहे, असें न्यायालयानें म्हटलें. ही सक्ती फ्रान्सच्या मुख्य भूमींतील अवघ्या २९ जिल्ह्यांत लागू होती; इतर जिल्ह्यांत तिच्यावांचून काम चाललें होतें; तेव्हां ती अपरिहार्य होती हें म्हणणें टिकणारें नव्हतें. पुढच्याच वर्षीं फ्रान्सला आपला कायदा बदलून सद्सद्विवेकबुद्धीस अनुसरून हरकत घेणाऱ्यास मोकळें करावें लागलें. २००७ सालीं लक्झेंबुर्गविरुद्ध याच धर्तीचा निकाल झाला.

जर्मनींतील हकीकत आणखी उद्बोधक आहे. तेथें १८४८ च्या क्रांतींत, परक्याच्या जमिनीवर शिकार करण्याचे सरदारी हक्क रद्द होऊन शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीशीं जोडला गेला. परंतु पुढील व्यवस्थेंत ७५ हेक्टरांहून कमी जमीन असणारा मालक आपोआप स्थानिक शिकारसंघाचा सभासद होई, संघ तो हक्क तिसऱ्यासच भाड्यानें देई, आणि नांवाचा मालक आपल्याच शेतांत उडणारे बार ऐकत बसे. एका मालकानें यास हरकत घेतली. जर्मनीच्या सर्वोच्च घटना-न्यायालयानें २००६ सालीं त्यास नकार दिला. स्ट्रासबुर्गच्या लहान पीठानें २०११ सालीं नकार दिला. परंतु २६ जून २०१२ रोजीं मोठ्या पीठानें हेरमान विरुद्ध जर्मनी या खटल्यांत त्याचें म्हणणें मान्य केलें, आणि २०१३ सालीं जर्मनीसहि कायदा दुरुस्त करावा लागला. दोन दारें बंद झालीं तरी तिसरें ठोठावणाऱ्या त्या एका सामान्य मनुष्याच्या चिकाटीचें कौतुक केल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं.

या निकालांचें आम्ही स्वागत करतों. तथापि त्यांत एक उणीव राहिली आहे ती दाखविणें आमचें कर्तव्य आहे. न्यायालयानें आपला सारा भर हरकत घेणाऱ्याच्या नीतिविषयक श्रद्धेवर ठेविला. म्हणून २०१२ सालींच फ्रान्समधील दुसरा एक लहान मालक, ज्याचा शिकारीस तत्त्वतः विरोध नव्हता, "मोठ्यास सूट मिळते तर मला कां नाहीं?" असें विचारूं लागला, तेव्हां त्याची मागणी फेटाळली गेली. जर्मनीच्या दुरुस्त कायद्यांतहि मालकास आपली नैतिक भूमिका अधिकाऱ्यासमोर पटवून द्यावी लागते. आम्ही विचारतों, जमिनीच्या धन्यानें आपल्या अंतःकरणाची झडती सरकारी अधिकाऱ्यास कां द्यावी? एकास जीवहत्येचा तिटकारा असेल. दुसऱ्याचीं मुलें त्या शेतांत खेळत असतील. तिसऱ्याची गाय तेथें चरत असेल. चौथ्यास केवळ शांतता हवी असेल. यांपैकीं पहिल्याचें कारण पवित्र आणि बाकीच्यांचें क्षुद्र, असें ठरविण्याचा अधिकार राज्यास कोणीं दिला? माझ्या घराचा उंबरठा ओलांडूं इच्छिणारास मी "नको" म्हटलें तर तें "नको" हेंच पुरेसें कारण आहे. जो नियम घरास लागू आहे तो शेतास कां नसावा?

प्रतिपक्षाचें म्हणणें आम्हांस ठाऊक नाहीं असें नाहीं. पहिला आक्षेप असा कीं, एकानें आपल्या शेतांत बंदी केली कीं रानडुकरें तेथें आश्रय घेतात आणि रात्रीं शेजाऱ्याचें पीक खातात. हा आक्षेप खरा आहे, आणि तो उडवून लावणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु त्यावर उपाय म्हणून शेजाऱ्याच्या नुकसानीचा वांटा हरकत घेणाऱ्यानें उचलावा असें ठरवितां येतें. जर्मनीच्या दुरुस्त कायद्यांत अशी तरतूद आहेहि. हक्क पाहिजे तर त्याची किंमतहि द्यावी, हें आम्हांस न्याय्य दिसतें. शिवाय रोगराई किंवा मोठा उपद्रव उत्पन्न झाल्यास जबाबदार सरकारी अधिकाऱ्यानें, आगाऊ सूचना देऊन, ठराविक कामापुरतें परक्याच्या शेतांत जावें, यास कोणाची हरकत असण्याचें कारण नाहीं. आग विझविणारास भिंत ओलांडतां येते. म्हणून पतंग पकडणारासहि ती ओलांडतां यावी काय?

दुसरा आक्षेप असा कीं, मालकास मनाईचा हक्क दिला कीं शिकार श्रीमंतांची होते, गरिबास ती बंद होते. हा युक्तिवाद ऐकावयास गोड आहे. परंतु गरिबास शिकारीची जागा द्यावयाची ती कोणाच्या जमिनींतून? फ्रान्सनें ती वीस हेक्टरांच्या आंतल्या शेतकऱ्याच्या जमिनींतून दिली, जमीनदाराच्या जमिनींतून दिली नाहीं. एका गरिबाची पागोटी काढून दुसऱ्या गरिबाच्या डोक्यास बांधावयाची आणि त्यास समता म्हणावयाचें, ही कसली समता? तिसरा आक्षेप असा कीं, मनाईच्या हक्काच्या आडून धनिक लोक आपलीं खासगी शिकारगृहें उभारतील. यास उत्तर सरळ आहे. मालकाचा हक्क परक्यास बाहेर ठेवण्याचा आहे. आंतील वन्य प्राणी त्याच्या मालकीचे होत नाहींत. जमिनीच्या हक्कानें शिकाऱ्यास अडवावें आणि प्राण्यांच्या रक्षणाच्या कायद्यानें मालकासहि अडवावें. दोन्ही एकाच वेळीं शक्य आहेत.

आतां आमच्या घरचें पाहूं. हिंदुस्थानांत ही दुसरी मर्यादा पुष्कळ पुढें गेली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत आरंभीं शिकारीच्या परवान्यांस जागा होती. १९९१ च्या दुरुस्तीनें ती काढून टाकण्यांत आली, आणि हौसेची शिकार या देशांत संपली. हें उत्तम झालें. माळढोकासारखा पक्षी आणि आणखी कित्येक जाती ज्या बंदुकांच्या हौसेनें विनाशाच्या कांठीं आणल्या, त्या बंदुकांविषयीं आमच्या मनांत यत्किंचितहि ममत्व नाहीं. परंतु कायद्यानें शिकार बंद झाली म्हणून शेतांत शिरणारी बंदूक बंद झाली असें मात्र नाहीं. चोरटी शिकार चालतेच. आणि तिला अडविण्यास सर्वांत आधीं उभा राहतो तो वनरक्षक नव्हे, तर त्या शिवारांतला शेतकरी. १९९८ सालीं जोधपूरजवळ कांकाणी येथें काळविटांची शिकार झाली ती उजेडांत आणली बिश्नोई गांवकऱ्यांनीं. आणि त्या प्रकरणीं एका नामांकित चित्रपटनटास २०१८ सालीं खालच्या न्यायालयानें पांच वर्षांची शिक्षा सांगितली. त्या शिक्षेवर अपील झालें आहे, म्हणून तिच्या योग्यायोग्यतेविषयीं आम्ही कांहीं बोलत नाहीं. परंतु खेड्यांतील माणसांनीं बड्या लोकांच्या मोटारीमागें धावण्याचें धैर्य दाखविलें, ही गोष्ट निकाल कांहींहि लागला तरी पुसली जाणार नाहीं.

अशा प्रसंगीं शेतकऱ्याच्या हातांत कायद्याचें कोणतें साधन आहे, हें त्यास कोणी समजावून सांगत नाहीं. तें आम्ही सांगतों. अपराध करण्याच्या हेतूनें परक्याच्या जमिनींत शिरणें हा स्वतंत्र गुन्हा आहे. पूर्वीं तो दंडसंहितेच्या ४४१ व्या कलमांत सांगितला होता, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२९ व्या कलमांत सांगितला आहे. शिकार हाच जर अपराध, तर बेकायदा शिकारीच्या उद्देशानें बांध ओलांडणारा मनुष्य एकही गोळी उडण्यापूर्वींच अपराधी झालेला असतो. तेव्हां जनावर मेलें नाहीं, सबब तक्रार कसली, किंवा हें काम आमचें नव्हे, वनखात्याकडे जा, असें सांगून शेतकऱ्यास परत पाठविण्याचा कोणत्याहि पोलीस ठाण्यास अधिकार नाहीं.

परंतु प्रश्नाची दुसरी बाजू याहून बिकट आहे. शिकाऱ्यास अडविण्याचा हक्क शेतकऱ्यास आहे; पण पीक खाणाऱ्या जनावरास अडविण्याचा? १९१२ च्या परकी सरकारच्या कायद्यांत, मालमत्तेच्या प्रामाणिक रक्षणासाठीं केलेली वन्य प्राण्याची हत्या अपराधाच्या कक्षेंतून वगळलेली होती. आमच्या १९७२ च्या कायद्याच्या ११ व्या कलमांत ही सूट मनुष्याच्या जीविताच्या रक्षणापुरतीच ठेविली आहे. पिकासाठीं वेगळी लेखी परवानगी लागते; ती मुख्य वन्यजीव रक्षकानें अथवा त्यानें नेमलेल्या अधिकाऱ्यानें कारणें नमूद करून द्यावयाची आहे. या मर्यादेमागील हेतु आम्ही नाकारीत नाहीं. पिकाचें निमित्त करून वाटेल त्यानें वाटेल तें मारावें, असें झालें असतें तर आज रानांत कांहींच उरलें नसतें. पण परक्यांनीं दिलेली ढाल स्वकीयांनीं काढून घेतली, तर तिच्या जागीं दुसरी ढाल देणें हें स्वकीयांचें ऋण आहे. कागद अधिकाऱ्याच्या टेबलावर पडून राहतो, आणि डुकरांचा कळप कांहीं त्या कागदाची वाट पाहत थांबत नाहीं! एका रात्रींत जोंधळ्याचें किंवा भुईमुगाचें शेत जमीनदोस्त होतें, आणि ज्याची सारी पुंजी दोन-तीन एकरांत आहे तो मनुष्य मग भलत्या मार्गाकडे वळतो.

हा भलता मार्ग म्हणजे कुंपणांत वीज सोडणें आणि खाद्यांत स्फोटकें दडविणें. विदर्भांत रानडुकरांसाठीं सोडलेल्या अशा तारांनीं वाघ मेले आहेत. रात्रीं पाणी द्यावयास निघालेलीं माणसें मेलीं आहेत. आमच्या शेतकरी बंधूंचे आम्ही कैवारी आहोंत, म्हणूनच त्यांस स्पष्ट सांगतों कीं, या कृत्याचें समर्थन कोणत्याहि नीतीनें होऊं शकत नाहीं. इंग्लंडांतील जमीनदारहि एके काळीं चोरट्या शिकाऱ्यांसाठीं झाडींत तार ताणून आपोआप उडणाऱ्या बंदुका लावून ठेवीत. १८२० सालीं तेथील न्यायालयानें, सूचना लावलेली असल्यास जखमी झालेल्या इसमास भरपाई मागतां येणार नाहीं, असें ठरविलें. त्यावर लोकमत इतकें प्रक्षुब्ध झालें कीं, १८२७ सालीं पार्लमेंटनें त्या बंदुका बेकायदा ठरविल्या. बंदूक माणूस ओळखत नाहीं आणि तारहि ओळखत नाहीं. चोर येईल म्हणून लावलेल्या सांपळ्यांत शेजाऱ्याचें पोर सांपडतें. जमिनीचा हक्क मोठा आहे, परंतु तो मनुष्याच्या प्राणाहून मोठा नाहीं.

एतावता आमचें म्हणणें तीन कलमांत सांगतां येईल. पहिलें, आपल्या शेतांत बंदूकवाल्यास मज्जाव करण्याचा हक्क जमीन कसणाऱ्यास, मग तो मालक असो वा कूळ, बिनशर्त असावा. त्यासाठीं कारण विचारलें जाऊं नये, आणि त्याचें मौन ही संमति समजली जाऊं नये. पीकरक्षणासाठीं सरकारनें कोणास रानडुकर मारण्याची परवानगी दिली, तरी ती परवानगी म्हणजे चौघांच्या बांधावरून फिरण्याचा दाखला नव्हे. ज्याच्या शेतांत पाऊल टाकावयाचें त्याची संमति निराळी घेतली पाहिजे. दुसरें, पिकाच्या नासाडीवरील अर्जाचा निकाल ठराविक दिवसांत लागावा. नकार दिल्यास लेखी कारणांसह द्यावा. आणि नासाडीच्या पंचनाम्यास विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यावर त्याची जबाबदारी ठेवावी. वन्य प्राणी ही जर सर्व राष्ट्राची संपत्ति, तर तिच्या पोषणाचा खर्च एकट्या कोरडवाहू शेतकऱ्यानें कां सोसावा? तिसरें, विजेच्या तारा आणि स्फोटकें यांविरुद्ध कडक अंमलबजावणी व्हावी; परंतु ती करतांना त्याच गांवांत सौरकुंपणासारखे निर्धोक उपाय शेतकऱ्यास परवडतील अशी व्यवस्था आधीं व्हावी. उपाय न देतां केवळ शिक्षा देणें हें राज्यकर्त्यास शोभत नाहीं.

देनशवायच्या चार शेतकऱ्यांनीं आपल्या पारव्यांसाठीं प्राण दिले तेव्हां त्यांच्या बाजूनें उभें राहील असें न्यायासन त्यांच्या देशांत नव्हतें. फ्रान्स-जर्मनीच्या लहान मालकांस तें कित्येक वर्षें झगडून मिळालें. आमच्या शेतकऱ्यास स्वतःचें राज्य आहे, स्वतःचे कायदे आहेत, आणि ते बदलून घेण्यासाठीं मतहि आहे. आपल्या भागाच्या आमदारास मत मागावयास दारीं येतांच त्यानें हीं तीन कलमें वाचून दाखवावीं, आणि उत्तर लेखी मागावें. तोंडीं आश्वासनांचें पीक या देशांत मुबलक येतें, आणि त्यास रानडुकरेंहि तोंड लावीत नाहींत!